चारनं भाग, पाचनं गुण

पोरा, दसरा होऊन कारखान्यांचे बॉयलर पेटले की तुझ्या दुकानासमोर ट्रॅक्टर उभे राहायला लागतील. ऊस ओढणाऱ्या पोरांना रात्र काढायची असते, आधी फडापासून कारखान्यापर्यंत आणि मग यार्डातल्या रांगेत. त्यांना टेप पाहिजे, टेपला बेस पाहिजे, बेसला अँप पाहिजे. त्यांच्यामागून कारवाले येतील, लग्नसराईत बोलेरोवाले येतील. प्रत्येकाच्या हातात एक खोकं, आणि खोक्यावर सोनेरी अक्षरांत ३००० वॅट नाहीतर ५००० वॅट. गिऱ्हाईक विचारणार, ह्याला वायर कुठली टाकायची? तू खोकं बाजूला ठेव आणि अँप हातात घेऊन त्याची कड बघ.

पॉवरच्या वायरी आवळायचे स्क्रू जिथं असतात, त्याच्या शेजारी पात्याचे रंगीत फ्यूज खोचलेले दिसतील. दोन हिरवे असले तर ३० आणि ३०, म्हणजे ६० अँपिअर. खोक्यावर काहीही छापलेलं असो, हा अँप ६० च्या वर फार वेळ ओढू शकत नाही, नाहीतर त्याचाच फ्यूज जाईल. इंजिन चालू असताना त्याला साधारण १३.८ व्होल्ट मिळतात. ६० गुणिले १३.८, म्हणजे सव्वाआठशे वॅट आत गेले. एबी क्लासचा अँप असेल तर त्यातले निम्मे किंवा थोडे जास्त स्पीकरला पोचतात, बाकीचे त्याच्या अंगातून उष्णता होऊन जातात. डी क्लासचा असेल तर ऐंशी टक्क्यांच्या आसपास पोचतात. म्हणजे त्या ३००० वॅटचे खरे चारशे ते साडेसहाशेच निघाले. हे गिऱ्हाइकाच्या तोंडावर सांगू नकोस. त्यानं पैसे मोजलेत, उगाच हिरमोड कशाला. तुझ्या कामाचा आकडा ६०, तेवढा पाटीवर लिही.

मोठ्या मोनोब्लॉकवर कधी कधी फ्यूजच नसतो. तेव्हा सोबतच्या कागदात बाहेरचा फ्यूज किती लावायचा ते बघ. कागद हरवलेला असेल तर आरएमएस वॅटचा आकडा घे, १३.८ नं भाग, आणि एबी असेल तर उत्तराची दुप्पट, डी असेल तर सव्वापट धर. 'पीक' किंवा 'मॅक्स' म्हणून छापलेला आकडा हिशेबात धरायचाच नाही.

आता कानमंत्र. अँपिअरला चारनं भाग, येतील तेवढे स्क्वेअर एमएम तांबं घाल. ६० चे झाले १५, तर बाजारात मिळते ती १६ ची केबल. १०० अँपिअर असले तर २५. ३० असले तर साडेसात येतात, १० ची घे. नेहमी वरचं माप घ्यायचं, खालचं नाही. हा आकडा मी हवेतून काढलेला नाही. एक मीटर लांब, एक स्क्वेअर एमएम जाड तांब्याची तार साधारण १७ मिलिओहमचा अडथळा करते. बोनेटपासून डिकीपर्यंत वळणावळणानं जाताना कारमध्ये पाच मीटर केबल लागतेच. चारनं भागून केबल घेतलीस तर पूर्ण लोडवर त्या पाच मीटरमध्ये साधारण ०.३५ व्होल्ट पडतात, मग अँप लहान असो की मोठा. तेवढी गळती चालते. एक-दीड व्होल्ट पडायला लागले की बेस मारताना डॅशबोर्डचे दिवे मिचकायला लागतात आणि गिऱ्हाईक म्हणतं अँप खराब निघाला.

अँपच्या वायरिंग किटवर माप गेजमध्ये असतं, आणि गेजचा आकडा उलटा चालतो, आकडा लहान तर वायर जाड. सगळी यादी पाठ करायची गरज नाही. ८ गेज म्हणजे साडेआठ स्क्वेअर एमएमच्या जरा आत, ४ गेज म्हणजे २१, आणि ज्याला सगळे 'झिरो' म्हणतात ते ५३. एवढे तीन आकडे आले की काम भागतं. घरच्या वायरिंगच्या दीड, अडीच, चारच्या भाषेत विचार करत राहिलास तर गेज तुला कधी फसवणार नाही.

पण बाजार फसवेल. किटच्या पिशवीत निळी किंवा लाल, पारदर्शक, चकचकीत केबल असते. बाहेरून अंगठ्याएवढी दिसते, त्यातलं निम्मं प्लास्टिक असतं. टोक सोलून बघ. एक तार मायक्रोमीटरला लाव, मग तारा मोज. अडीचच्या वायरवर ३६/०.३ छापलेलं असतं ते आठव, म्हणजे ०.३ एमएमच्या छत्तीस तारा. तोच हिशेब इथं लागतो. ०.३ च्या तारा असतील तर खऱ्या ४ गेजमध्ये त्या तीनशेच्या आसपास भरल्या पाहिजेत. एकेक तार मोजत बसायचा कंटाळा आला तर पीळ पडलेल्या जुड्या मोज, एका जुडीतल्या तारा मोज, गुणाकार कर.

त्याहून मोठी फसवणूक म्हणजे आत तांबंच नसणं. अल्युमिनिअमच्या तारेवर तांब्याचा पातळ मुलामा, त्याला सीसीए म्हणतात. ब्लेडनं एक तार खरवड. आत पांढरं निघालं तर अल्युमिनिअम. उलटही होतं. बाहेरून चांदीसारखी दिसणारी, पण खरवडल्यावर आत लाल निघणारी तार म्हणजे कल्हई केलेलं तांबं. ती उत्तम, दमट हवेत आणि खतामातीत काळी पडत नाही. कुणी ती 'अल्युमिनिअम आहे' म्हणून स्वस्तात देत असेल तर गप्प बसून घे. लायटरची परीक्षाही सोपी आहे. तांब्याची बारीक तार लाल होते पण उभी राहते, अल्युमिनिअमची मान टाकते. आणि दुकानात वजनकाटा असेल तर खरवडायचीही गरज नाही. पाच मीटर ४ गेजमध्ये निव्वळ तांबंच साडेनऊशे ग्रॅम असतं. सीसीएचं तेवढंच बंडल प्लास्टिक धरूनसुद्धा हाताला हलकं लागतं, कारण आतला धातू चारशे ग्रॅमही भरत नाही.

सीसीए वापरूच नये असं मी म्हणत नाही. गिऱ्हाइकाचं बजेट असतं. वापर, पण सीसीए म्हणूनच वापर. चारऐवजी अडीचनं भाग. ६० अँपिअरला २४ आले, म्हणजे २५ ची केबल. टोकं मात्र नीट बांध, कारण अल्युमिनिअम स्क्रूखाली दबत जातं आणि महिन्याभरात सैल होतं. ट्रॅक्टरवर सीसीए मी लावणार नाही, तूही लावू नकोस. तिथल्या हादऱ्यांत ती तुटते. 'ऑक्सिजन-फ्री' म्हणून ज्यादा पैसे मागतील, त्याच्या मागे धावू नकोस. बॅटरीच्या वायरीत ऑक्सिजन किती आहे ह्यानं बेस बदलत नाही. तांबं खरं आहे का आणि पुरेसं आहे का, एवढ्याच दोन गोष्टी बघायच्या.

माझी स्वतःची आवड सांगतो. किट मागवण्यापेक्षा वेल्डिंगची केबल. इचलकरंजीत, कोल्हापूरच्या उद्यमनगरात, कुठल्याही इंडस्ट्रियल दुकानात मीटरवर मिळते. १६, २५, ३५, ५०, पाहिजे ते माप. बारीक तारांची, म्हणून कोपऱ्यात वळते. घेताना दोन गोष्टी विचारायच्या. तांब्याची का, कारण अल्युमिनिअमचीही वेल्डिंग केबल येते. आणि आवरण एचओएफआर आहे का, म्हणजे उष्णता, तेल आणि आग ह्यांना दाद न देणारं रबर. डिझेलचा हात लागणाऱ्या ठिकाणी साधं रबर फुगतं. रंग बहुतेक वेळा काळा किंवा केशरी मिळतो, तेव्हा दोन्ही टोकांना लाल स्लीव्ह चढव, नाहीतर पुढचा मिस्त्री तिला अर्थ समजून बसेल.

घराच्या ९० मीटरच्या बंडलातली वायर मात्र बोनेटखाली नको. तिचं पीव्हीसी ७० अंशांपर्यंतचं असतं, आणि मे महिन्यात एक्झॉस्टजवळ त्याहून जास्त तापतं. अडीचच्या चार वायरी एकत्र पिळून दहाची केली, असं सांगणारे भेटतील. चारातली एक टोकाला तुटली तर उरलेल्या तिघींवर सगळा भार येतो, आणि वरून काहीच दिसत नाही. स्पीकरला मात्र अडीचची वायर मस्त चालते, गाडीच्या आत.

आता फ्यूज. इथं दहातले आठजण चुकतात, म्हणून हे दोनदा ऐक. बॅटरीजवळचा फ्यूज अँपसाठी नसतो, वायरीसाठी असतो. बहुतेक अँपला स्वतःचा फ्यूज असतो. बॅटरीपासून अँपपर्यंतची पाच मीटर वायर मात्र उघड्यावर आहे, आणि ती कुठंही पत्र्याला टेकली की बॅटरीचा सगळा जोर तिच्यातून धावतो. छोट्या कारची ३५ एएचची बॅटरीसुद्धा सेल्फ मारताना शंभर-दोनशे अँपिअर सहज देते, शॉर्ट झाली तर त्याहून कितीतरी जास्त. त्यामुळे फ्यूजची जागा ठरलेली आहे. बॅटरीच्या टोकापासून जास्तीत जास्त दोन वीत, म्हणजे १८ इंच. जमलं तर वीतभरच. फ्यूजच्या अलीकडची ती दोन वीत वायर कुणाच्याच राखणीत नसते, म्हणून तिच्यावर जाड स्लीव्ह चढव आणि ती धारेला लागणार नाही अशी बांध.

एका गिऱ्हाइकाची हॅचबॅक आली होती. तक्रार अशी की स्पीडब्रेकरवर गाणं तुटतं. काम दुसऱ्या कुणीतरी केलेलं. डिकीत बघितलं तर सगळं देखणं: अँप पट्टीवर बसवलेला, शेजारी काचेचा फ्यूज सोनेरी होल्डरमध्ये, वायरीला जाळीची स्लीव्ह. बोनेट उघडलं तेव्हा खरी गोष्ट कळली. इंजिन आणि केबिनच्या मधल्या पत्र्याला भोक पाडून वायर तशीच आत ओढलेली, बुश नाही. पत्र्याच्या धारेनं आवरण चंद्रकोरीसारखं कापलेलं, आणि आत तीन-चार तारा काळ्या पडून तुटलेल्या. गाडी आदळली की उरलेल्या तारा पत्र्याला शिवायच्या, ठिणगी पडून त्यातली एखादी जळायची, आणि तेवढ्यापुरता अँप बंद. मालकाला मी फक्त एवढंच दाखवलं की पत्र्यापासून बॅटरीपर्यंत फ्यूज नावाची वस्तूच नाही. डिकीतला तो सोनेरी फ्यूज ह्या भांडणात कुठंच नव्हता. करंट बॅटरीतून निघून भोकापाशीच पत्र्यात उतरत होता, डिकीपर्यंत पोचतच नव्हता. बुशला दहा-वीस रुपये पडतात. भोक पाडलंस की आधी त्याची धार कानसून काढ, मग रबरी बुश बसव, मग वायर ओव. ह्या क्रमात बदल नाही.

फ्यूज किती अँपिअरचा? स्क्वेअर एमएमला पाचनं गुण. त्याच्या वर जायचं नाही. १० च्या केबलला ५०, १६ ला ८०, २५ ला १२५. सीसीएला तीननं गुण. हा वरचा कठडा. खालचा कठडा म्हणजे अँपवरच्या फ्यूजांची बेरीज. त्याच्या खाली गेलास तर गाणं रंगात आलं की फ्यूज जाणार. आपल्या ६० अँपिअरच्या अँपला १६ ची केबल घातली, तर ६० ते ८० मधला कुठलाही फ्यूज बरोबर आहे. मी ६० च लावतो. चारनं भागून घेतलेली वायर आणि पाचनं गुणून काढलेला फ्यूज ह्यांच्यात थोडी जागा राहते, ती मुद्दाम ठेवलेली आहे.

गिऱ्हाईक तुला विचारेल, ३० चा फ्यूज ३१ अँपिअरला का जात नाही? जात नाहीच. पात्याचा फ्यूज दहा टक्के जास्त करंट तासन्‌तास सोसतो. पस्तीस टक्के जास्त झाला तर कधी सेकंदात जाईल, कधी दहा मिनिटांनी. दुप्पट झाला तर मात्र पाच सेकंदांच्या आत उडतोच. म्हणून तर फ्यूज वायरीच्या ताकदीच्या कडेवर निवडायचा नसतो. तो विचार करत असताना वायर तापत असते.

पात्याचे रंग तुला येतातच: १० लाल, १५ निळा, २० पिवळा, २५ पारदर्शक, ३० हिरवा, ४० केशरी. पण मोठ्या पात्यांचे रंग वेगळे. मॅक्सीमध्ये ५० लाल आणि ६० निळा असतो. तेव्हा रंगावर भिस्त ठेवू नकोस, आकडा वाच. ४० च्या वर मॅक्सी किंवा बोल्टचा पट्टीवाला फ्यूज लाव, मिनी-एएनएल किंवा एएनएल. किटमध्ये येणारा काचेचा जाडा फ्यूज मला पसंत नाही. त्याची टोपी होल्डरच्या चिमट्यात जेमतेम टेकते, तिथंच तापते, आणि टोपीचं डाक सुटलं की वरून फ्यूज ठीक दिसतो आणि अँप मात्र बंद. पट्टीवाला फ्यूज बोल्टखाली दाबून बसतो, त्याला ते दुखणं नाही. घरातली एमसीबीही कुणी आणून देईल, ६३ अँपिअरची आहे म्हणून. ती भिंतीवरच्या एसी करंटसाठी बनवलेली, गाडीच्या डीसीसाठी आणि हादऱ्यासाठी नव्हे. परत दे.

नकली फ्यूज हा आजकालचा त्रास आहे. पुडीत शंभर पाती, दोनशे रुपये. काही पाती दुप्पट करंटलाही जात नाहीत. पुडी घेतलीस की तिच्यातला ५ अँपिअरचा एक बळी दे. जुना एच-फोर बल्ब घे, त्याची दोन्ही फिलामेंट एकत्र जोड, आणि तो फ्यूज मधे घालून बॅटरीला लाव. बल्ब दहाच्या आसपास अँपिअर ओढतो, म्हणजे दुप्पट. पाच सेकंदांत बल्ब विझला पाहिजे. बल्ब ढिम्म जळतच राहिला आणि पात्याचं प्लास्टिक मऊ पडायला लागलं, तर अख्खी पुडी कचऱ्यात. आणि सिगारेटच्या पाकिटातला चांदीचा कागद गुंडाळून फ्यूज बसवायची कला कुणी दाखवली तर हसून सोडून दे. वडाप जीपच्या जमान्यात, जेव्हा टेपला बूस्टर लावला की मिरवायचे, तेव्हाही तो प्रकार होता. तेव्हा बूस्टर पाच-सात अँपिअर ओढायचा. आता ६० ओढतो.

दोन अँप असतील तर बेरीज कर. ६० आणि ३०, झाले ९०. चारनं भागले तर साडेबावीस, म्हणून बॅटरीपासून २५ ची एक केबल आणि तिच्यावर १०० चा फ्यूज. मागे डिस्ट्रिब्यूशन ब्लॉकपासून एकीकडे १६ ची, दुसरीकडे १० ची. इथं वायर बारीक झाली, म्हणजे इथं पुन्हा फ्यूज आला. १०० चा फ्यूज १० च्या वायरीला वाचवत नाही. फ्यूजवाला ब्लॉक घे, एका फांदीत ६०, दुसरीत ३०. वायर जिथं जिथं बारीक होते तिथं तिथं फ्यूज, हे एकदा डोक्यात बसलं की पुढं विचारायला यायला नको. टेपपासून येणाऱ्या रिमोटच्या निळ्या-पांढऱ्या वायरीत मात्र काही दम नसतो, एक स्क्वेअर एमएमचीही चालते. तिच्यावर अँप चालवायचा प्रयत्न करणारा एक महाभाग मी पाहिलेला आहे.

लग, म्हणजे थिंबल. चांगली वायर वाईट लगनं वाया जाते. हातोडीनं ठोकलेला, पकडीनं चेपलेला लग वरून घट्ट वाटतो. त्याच्यात ०.०१ ओहमचा अडथळा राहिला आणि ६० अँपिअर धावले, की तिथं ३६ वॅट उष्णता तयार होते. ३५ वॅटचं सोल्डरिंग आयर्न बॅटरीच्या डोक्यावर चालू ठेवावं तसं. हायड्रॉलिक क्रिंपर घे. पहिल्या हंगामात पैसे सुटतात. क्रिंपवर वरून सोल्डर ओतू नकोस. ते तारांत झिरपून वायर कडक करतं आणि कडक जागेच्या कडेलाच ती हादऱ्यानं तुटते. हीट श्रिंक चढवून लगचं मानगूट झाक. मग लग एका हातात, वायर दुसऱ्या हातात धरून जोरात ओढ. निघाला तर बरंच झालं, दुकानातच निघाला.

अर्थची वायर पॉवरच्याच जाडीची. इथं कंजूषी करणारे फार. गेला तेवढाच करंट परत यायचा असतो. दोन वितींच्या आत बॉडीचा जाड पत्रा शोध, रंग घासून चकचकीत धातू काढ, दातेरी वॉशर घालून बोल्ट आवळ, वरून ग्रीस किंवा रंग लाव. सीटबेल्टचा बोल्ट वापरायचा नाही, कितीही हाताशी असला तरी. भोक पाडण्याआधी गाडीखाली वाकून बघ, पलीकडे टाकी आहे का, ब्रेकचा पाइप आहे का. सीएनजीच्या गाडीत सिलिंडरच्या चौकटीला आणि त्याच्या पाइपांच्या आसपास ड्रिल लावायचंच नाही. टेपमधून इंजिनाच्या तालावर कुईं आवाज येतो, तो बहुतेक वेळा अर्थमधून येतो. आरसीए वायर आणि पॉवर वायर गाडीच्या वेगवेगळ्या बाजूंनी नेल्यास तर उरलासुरलाही जातो.

नव्या गाड्यांत बॅटरीच्या निगेटिव्ह क्लॅम्पवर छोटा सेन्सर असतो, आत-बाहेर जाणारा करंट मोजणारा. तुझी कुठलीही अर्थ त्या गाडीत थेट निगेटिव्ह खुंट्यावर नको, सेन्सरच्या पलीकडे बॉडीला घे, नाहीतर गाडीचा हिशेब चुकतो. इलेक्ट्रिक गाडी आली तर केशरी केबलला हात लावायचा नाही, तिच्यात माणूस मारायचा व्होल्टेज असतो. १२ व्होल्टच्या छोट्या बॅटरीवर काम करायचं, तेही कंपनीचा कागद वाचून.

आता ट्रॅक्टर. इथं वायर आणि फ्यूज बरोबर असूनही घोळ होतो, कारण डायनामोच छोटा. बऱ्याच ट्रॅक्टरांचा डायनामो ३६ ते ४५ अँपिअरच्या घरातला असतो, छोट्या कारचा ६० ते ९०. त्यातले दहाएक हेडलाइटला गेले. गाणं काही सतत पूर्ण ताकदीनं वाजत नाही. अँपचा फ्यूज ६० चा असला तरी सरासरी वीसच्या आसपास धर, बेसची गाणी असली तर जास्त. इंजिन पळत असताना हे निभतं. यार्डात रांगेत इंजिन बंद करून तोच टेप दोन तास वाजवला तर ७५ एएचची बॅटरी निम्मी होते, आणि पहाटे नंबर आला की सेल्फ 'टक्‌' करून गप्प. मग मागचे ट्रॅक्टरवाले शिव्या घालतात त्या तुझ्या नावानं. हे आधी सांग, काम करायच्या आधी. रात्री दहानंतर मोठ्यानं वाजवायला कायद्यानंही बंदी आहे, तेही सांग. ऐकतील न ऐकतील.

असा प्रश्न निघाला की कुणीतरी एक फॅरडचा कपॅसिटर आणून देतो, निळा दिवा आणि व्होल्टचा आकडा दाखवणारा. १४ व्होल्टवरून १२ वर येईपर्यंत तो २६ जूल देतो. अँप ५०० वॅट ओढत असेल तर सेकंदाचा विसावा भाग. तेवढ्यात ढोलाचा एक ठोकाही पुरा होत नाही. दिवा चांगला दिसतो, गिऱ्हाइकाला हवा असेल तर लाव, पण त्यालाही फ्यूजच्या आतच घ्यायचं.

ट्रॅक्टरवर अँप ट्रॉलीत बसवा म्हणतील. नको. अँप ट्रॅक्टरवर, सीटमागे किंवा मडगार्डच्या आत, रबरी बुशांवर. ट्रॉलीकडे फक्त स्पीकरची वायर जाऊ दे, मधे प्लग घालून, आणि वळताना ताण येणार नाही एवढी ढील ठेवून. ट्रॉली सोडताना कुणी वायर काढत नाही, ती ओढूनच तुटते. ती स्पीकरची असली तर नवा प्लग लागेल. पॉवरची असती तर तुटकं टोक लोखंडी हुकाला लागून ठिणग्या उडाल्या असत्या, आणि आजूबाजूला काय असतं तुला माहीतच आहे. वाळलेलं पाचट. हंगामात ते सगळीकडे असतं, बॅटरीच्या पेटीत, सीटखाली, अँपच्या खाचांत. म्हणून ट्रॅक्टरवर फ्यूजचा होल्डर झाकणाचा पाहिजे, आणि केबल लवचिक पाइपातून न्यायची, लिफ्टच्या दांड्यापासून आणि सायलेन्सरपासून लांब. दर वीतभरावर टाय. हादऱ्यानं वायर झिजते ती अशी लोंबकळणाऱ्या जागीच.

काम सुरू करताना बॅटरीची निगेटिव्ह आधी काढ, आणि शेवटी लाव. पाना बॉडीला लागला तरी काही होत नाही. फ्यूज होल्डर काम संपेपर्यंत रिकामा. सगळं जोडून झालं, ओढून बघितलं, पत्र्याची भोकं बघितली, मग फ्यूज. मग मीटर घे. लाल टोक बॅटरीच्या पॉझिटिव्हवर, काळं अँपच्या पॉझिटिव्हवर, लांब वायर जोडून. बेसचं गाणं पूर्ण आवाजात लाव. ०.३-०.४ दिसलं तर ठीक. अर्ध्याच्या वर गेलं तर कुठंतरी लग नाहीतर फ्यूजचा बोल्ट ढिला आहे. हात लावून गरम कुठं लागतंय ते शोध, सापडतं. तसंच निगेटिव्हचं बघ, बॅटरीच्या खुंट्यापासून अँपच्या अर्थपर्यंत. गाणं बंद असताना हे माप घेऊन काही उपयोग नाही, करंटच नाही तर पडणार काय?

आठ दिवसांनी गाडी परत बोलव. बोल्ट एकदा बसले की थोडे ढिले होतात, पुन्हा आवळ. होल्डरच्या झाकणावर मार्करनं अँपिअर लिही आणि त्याच मापाचे दोन फ्यूज झाकणाखाली टेपनं चिकटवून ठेव, म्हणजे रात्री दोन वाजता ड्रायव्हर बोल्ट किंवा चांदीचा कागद शोधत बसणार नाही. आणि बिलावर नुसतं 'वायरिंग' असं लिहू नकोस. केबल २५, तांबं, ५ मीटर, फ्यूज १००, असं लिही. पुढच्या हंगामात तोच ट्रॅक्टर नवा, मोठा अँप घेऊन येईल. बिल बघितलंस की एका मिनिटात कळेल, जुनी केबल चालेल की ३५ ची ओढायला लागेल.